गळ्यातला नंबर आणि हजेरीचं रजिस्टर

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा थोडा आवरून लिहून काढलाय.

आज दोन शिकारी समाजांबद्दल बोलायचंय. एक पार उत्तरेला बर्फावर राहणारा, इन्यूट. दुसरा आपल्या माळावरचा, फासेपारधी. दोघांची कधी भेट झाली नाही, होण्याचं कारणही नाही. पण सरकारनं दोघांना ज्या पद्धतीनं कागदावर उतरवलं, त्यात विलक्षण साम्य आहे. मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो, त्यामुळे माणसाला नंबर देणं म्हणजे काय ते मला जरा जवळून कळतं.

आधी इन्यूट. शाळेच्या पुस्तकात आपण 'एस्किमो' वाचलं होतं. तो शब्द त्यांना बाहेरच्यांनी चिकटवलेला. त्यांच्या भाषेत 'इन्यूट' म्हणजे माणसं, आणि एकटा माणूस असेल तर 'इनुक'. यांचे पूर्वज साधारण इसवी सन १००० च्या सुमारास अलास्काकडून पूर्वेला सरकू लागले आणि पुढच्या काही शतकांत कॅनडाचा उत्तर भाग ओलांडून ग्रीनलंडपर्यंत पोचले. कल्पना यावी म्हणून सांगतो, त्या काळात आपल्या भागावर चालुक्यांचं राज्य होतं. ज्यांना आपण कल्याणीचे चालुक्य म्हणतो तेच, आणि ते कल्याण म्हणजे सास्तूरपासून फार लांब नसलेलं बसवकल्याण.

झाड नाही, शेती नाही, अशा ठिकाणी माणूस जगतो कसा? सीलवर. सील हा पाण्यातला प्राणी, पण त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. म्हणून तो बर्फाला भोकं पाडून ती उघडी ठेवतो. शिकारी अशा भोकापाशी भाला घेऊन उभा राहतो, कधीकधी तासन्‌तास, पायाचा आवाजही न करता. मिळालेलं मांस वाटून खायचं, चरबी दगडी दिव्यात जाळायची. त्या दिव्याला 'कुल्लिक' म्हणतात. उजेड त्याचाच, ऊब त्याचीच, स्वयंपाकही त्याच्यावरच, आणि तो सांभाळणार घरातली बाई. कातडी कापायला तिच्या हातात अर्धगोल पात्याची 'उलू' असायची. कॅरिबूच्या कातड्याचे कपडे नीट शिवले नाहीत तर शिकारीला गेलेला माणूस गारठून मरणार. त्यामुळे सुईचं काम भाल्याइतकंच महत्त्वाचं होतं. आणि हो, 'इग्लू'चा अर्थ नुसता 'घर'. बर्फाचं घर हिवाळ्यात, तेही सगळीकडे नाही. उन्हाळ्यात कातड्याचे तंबू.

आता आपल्या माळावर या. सोलापूर-धाराशिवचा माळ आपल्याला ओसाड वाटतो. फासेपारध्याला तो तसा कधीच वाटला नाही. कुठल्या झुडपात तित्तर बसतं, लावे कुठून पळतात, ससा कुठली वाट धरतो, हे त्याला पाठ. नाव पडलं तेच फाशावरून. जमिनीवर फासे मांडायचे, तित्तराचा आवाज हुबेहूब काढायचा आणि वाट बघायची. काळविटाच्या शिकारीत तर शिकवलेला बैल किंवा गाय पुढं घालून तिच्या आडोशानं कळपाच्या जवळ जायचं. काळवीट गुराला बुजत नाही, माणसाला बुजतं. एवढ्या एका निरीक्षणावर अख्खी पद्धत उभी आहे. याच समाजातले चित्तापारधी चित्त्यांना शिकवून त्यांच्याकडून शिकार करून घ्यायचे. टाकणकार जात्याला टाकी लावून द्यायचे. घरात बोली वाघरी, गुजरातीच्या जवळची. बाजारात मराठी. आपल्यातले किती जण शाळेत न जाता दोन-तीन भाषा शिकलेत?

बाहेरच्या जगानं या दोघांची एकेक चित्रं करून ठेवली. एस्किमो म्हटलं की इग्लू आणि पारधी म्हटलं की चोर. पहिलं चित्र गोंडस आहे म्हणून खपून जातं. दुसऱ्या चित्राला मात्र कायद्याचा शिक्का होता.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. सुरुवात उत्तर हिंदुस्थानात झाली आणि १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती देशभर वाढली. मुद्दा साधा होता: फिरणारा माणूस सरकारला नको होता. जो एका गावात राहत नाही त्याच्याकडून सारा कसा घेणार, त्याला शोधणार कुठं? म्हणून जमातच्या जमात 'गुन्हेगार' जाहीर करायची. मग प्रत्येकाचं नाव रजिस्टरमध्ये, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास. म्हणजे मूल जन्माला आलं की त्यानं काही करायच्या आधीच ते संशयित. १८९७ च्या दुरुस्तीत तर ४ ते १८ वर्षांच्या मुलांना वेगळ्या सुधारगृहात ठेवायची सोय केली होती. चार वर्षांचं मूल, विचार करा.

सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचा भाग आजही आहे. हे नाव एखाद्या बिल्डरनं दिलेलं नाही. तारेच्या कुंपणात या जमातींना ठेवून गिरण्यांत कामाला पाठवायची ती वसाहत होती. सोलापूर तेव्हा मुंबई इलाख्यात आणि आपला जिल्हा निजामाच्या राज्यात. नकाशावर मध्ये सीमा होती. पाल घेऊन फिरणाऱ्याच्या पायाला ती कधी दिसली नव्हती, पोलिसानं अडवल्यावर दिसली.

तिकडे कॅनडात १९४१ पासून प्रत्येक इन्यूट माणसाला एक छोटी गोल चकती दिली गेली. दोरीत ओवून गळ्यात घालायची. त्यावर नंबर, पूर्वेकडच्यांना एक अक्षर आणि पश्चिमेकडच्यांना दुसरं. कारण काय सांगितलं? यांना आडनावं नसतात, नावं लिहायला अवघड, नोंदी गोंधळतात. डेटाबेसच्या भाषेत बोलायचं तर युनिक आयडी पाहिजे होता. माझ्या कामात ही अगदी रास्त मागणी आहे.

पण त्या नावांचा हिशेब वेगळा होता. इन्यूट घरात मूल जन्मलं की वारलेल्या माणसाचं नाव त्याला देतात, मुलगा-मुलगी असा भेद न करता. नावाबरोबर तो माणूसही परत येतो अशी समजूत. आजीचं नाव मिळालेल्या नातवाला घरातले 'आई' म्हणून हाक मारू शकतात. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवलं की सून ते नाव घेत नाही, आबा नाहीतर बापू म्हणते. नाव हे नात्यांचं अख्खं जाळं असतं. चकतीवरच्या नंबरात यातलं काहीच मावलं नाही. १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक नावाच्या इन्यूट माणसानं गावोगाव फिरून लोकांकडून आडनावं नोंदवून घेतली, आणि मग हळूहळू चकत्या गेल्या.

नंबरनंतर पुढची पायरी म्हणजे माणसं उचलून दुसरीकडं ठेवणं. १९५३ मध्ये इनुकजुआकच्या काही कुटुंबांना सरकारनं जहाजात घालून सुमारे २,००० किलोमीटर उत्तरेला नेलं. तिथं शिकार भरपूर आहे, नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगितलं होतं. तिथं महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही, हे कुणी नीट सांगितलं नाही. परत आणायचा शब्दही पाळला नाही. माफी आली २०१० साली.

सास्तूरच्या माणसाला पुनर्वसन हा शब्द फोडून सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर जाड दगडी भिंतींचे वाडे गेले आणि सरळ रेषेतल्या घरांच्या वसाहती आल्या. आपल्याला भूकंपानं हलवलं, आणि निदान घराचा उतारा मिळाला. पारध्याला मात्र पिढ्यान्‌पिढ्या माणसंच हलवत आली, उताऱ्याशिवाय.

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. म्हणून तो विमुक्त दिन. देशभरच्या सव्वाशेहून जास्त जमातींची त्या दिवशी कागदावर सुटका झाली. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारही बंद झाली. काळवीट, माळढोक वाचायलाच पाहिजेत, त्यात वाद नाही. फक्त ज्याच्या हातातला फासा काढून घेतला, त्याच्या हातात दुसरं काय दिलं, हा प्रश्न तसाच राहिला. आजही आपल्या जिल्ह्यात गावाबाहेर 'पारधी पिढी' असते आणि कुठं चोरी झाली की पहिली नजर तिकडंच वळते. कायदा मेला, पण डोक्यातलं रजिस्टर चालूच आहे.

आता यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत येतात. दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांची हजेरी सरकार घेत होतं, त्यांनाच आता विचारतात की तुम्ही कुठले, कागद दाखवा. हजेरी घेणारं रजिस्टर माणसाला पकडायला होतं. त्याला काही द्यायचं असतं तर नोंदी त्याच्याकडंही राहिल्या असत्या.

इन्यूट लोकांनी तिकडे मोठी मजल मारली. १९९३ मध्ये, भूकंपाच्याच वर्षी, करार झाला आणि १ एप्रिल १९९९ ला नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला. महाराष्ट्राच्या साडेसहा पट मोठा, लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत जेमतेम ३७ हजार, बहुतेक इन्यूट. फासेपारध्यांना तसं जमणं अवघड, कारण ते गावोगाव चार-चार घरांनी विखुरलेत. त्यांची मागणी प्रदेशाची नाही, घराखालच्या जागेची आहे. तरी काही ठिकाणी वाट निघालीय. तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांची निवासी शाळा नव्वदच्या दशकापासून चालू आहे. अकोला-वाशिमकडं फासेपारधीच माळरानं राखायचं काम करतायत. माळाची जी जाण शिकारीला वापरली, तीच आता तित्तरं वाचवायला.

ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पुढं कुठल्या ना कुठल्या ऑफिसात नोंदी करणार आहेत. कुणी तलाठी होईल, कुणी पोलीस, कुणी माझ्यासारखा सॉफ्टवेअरमध्ये जाईल. फॉर्ममधला एक रकाना सक्तीचा करायला मला अर्धा मिनिट लागतो. तो रकाना ज्याला भरता येत नाही तो माणूस कोण आहे, हे आधी विचारून घ्या. आणि तुमच्या गावाजवळ पारधी पिढी असेल तर तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून ऐका, तित्तर कसं बोलतं ते. ही माहिती कुठल्याच सर्व्हरवर नाही.

भेटू पुढच्या भागात.