असईची बातमी

जगभरची वर्तमानपत्रे एका पडद्यावर वाचता येऊ लागल्यापासून आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट सांगत आलो आहोत : एका घटनेचे निरनिराळ्या देशांतील वृत्तान्त शेजारी ठेवून वाचा, सत्य त्यांच्या मध्ये कुठेतरी सापडेल. हाच प्रयोग आमच्या भागातील असईच्या लढाईवर केला, तेव्हा मात्र ही पद्धतच अडखळली.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. त्याचा अहवाल १८०४ मध्ये 'लंडन गॅझेट'ने छापला. आज तो इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. पण शोधणाऱ्याला आधी आपल्याच भूगोलाचे परके उच्चार शिकावे लागतात. तेथे केळनेची 'कैटना' झाली आहे, आणि भोकरदनही आजच्या वर्णलेखनात नाही.

या अहवालातील आकडे पाहण्यासारखे आहेत. कंपनीच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता : हिशेब माणसागणिक आहे. मराठ्यांचे मृत मात्र सुमारे १,२००. एका बाजूची मोजदाद झाली, दुसरीचा अंदाज केला गेला. मोजल्या गेलेल्यांतही कितीतरी मद्रासकडचे शिपाई होते. त्यांच्या घरी ही बातमी कोणत्या भाषेत पोहोचली असेल?

आता दुसरा स्तंभ. तो जवळजवळ कोरा आहे. पहिले मराठी वृत्तपत्र 'दर्पण' निघाले ६ जानेवारी १८३२ रोजी, म्हणजे लढाईनंतर अठ्ठावीस वर्षांनी. तत्पूर्वी बातमी वकिलांच्या पत्रांतून आणि अखबारनविसांच्या हस्तलिखितांतून फिरे. ती दरबारासाठी असे, रयतेसाठी नव्हे. इंग्रज रेसिडेंट अशी अखबारे मिळवून त्यांची भाषांतरे करवीत. त्यामुळे आपल्या बाजूचा आवाजही पुष्कळदा प्रतिपक्षाच्या दप्तरातूनच ऐकावा लागतो.

मग तुलना सोडून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. विजेत्याच्या कागदांतही एकच सूर नसतो. स्टीव्हन्सनच्या तुकडीची वाट न पाहता वेलस्लीने लढाई का दिली, हा प्रश्न त्याच्याच पक्षातील टॉमस मन्रोने पत्रातून त्याला विचारला, आणि वेलस्लीला सविस्तर खुलासा करावा लागला. गॅझेटशेजारी ही पत्रे ठेवली की जयघोषातली शंका ऐकू येते.

असईच्या शिवारातून वर्गात येणाऱ्या मुलांना आम्ही आता थोडे वेगळे सांगतो. वृत्तान्तांची तुलना अवश्य करा. परंतु ज्या बाजूचा वृत्तान्त लिहिलाच गेला नाही, तिचाही स्तंभ आखा. तो कोरा राहिला तरी चालेल, पण पुसू नका. पडद्यावर जे दिसत नाही ते घडलेच नाही असे मानण्याची सवय या पिढीला लागली, तर आपल्याच गावाची कथा आपण कायमची 'कैटना'च्या काठावरून वाचत राहू.