तोळ्याला एक मासा कमी

आज सोलापूर जिल्ह्यातल्या दोन मुलांची गोष्ट सांगते. एक हन्नूरचा, तालुका अक्कलकोट. दुसरा नेरल्याचा, तालुका करमाळा. म्हणजे जिल्ह्याची दोन टोकं. दोघंही शिकले, दोघांनी आत्मकथनं लिहिली, आणि ती तुमच्यापैकी अनेकांनी वाचलीही असतील. पण आज साहित्याची चर्चा नाही करायची. माझा प्रश्न साधा आहे. लहानपणी घरात कोण होतं आणि कोण नव्हतं, हे माणसाला पुढे किती वर्षं पुरतं?

पहिला मुलगा म्हणजे शरणकुमार लिंबाळे. जन्म 1956. आई मसामाई महार, बाप दुसऱ्या गावचा सवर्ण जमीनदार, आणि त्याने पोराला आपलं म्हटलं नाही. 1984 साली आलेल्या पुस्तकाचं नाव 'अक्करमाशी'. तोळ्याचे मासे बारा. अकराच भरले तर सोनं कमअस्सल. गावाने अशा मुलांसाठी सोनाराच्या तराजूतला शब्द उचलला होता बघा.

आता या मुलाला वाढवलं कोणी? आजीने, संतामाईने. आणि तिच्यासोबत राहणाऱ्या महमूद दस्तगीर जमादारांनी. ते मुसलमान, ती महार, लग्न नाही. दादा हन्नूरच्या एसटी स्टँडवर हमाली करायचे. रक्ताचं नातं शून्य, पण पोराला त्यांनी जीव लावला. संतामाई गावात झाडलोट करायची. त्या पुस्तकातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. सुगीत गुरांच्या शेणात पडलेले ज्वारीचे दाणे ती वेचायची, धुवायची, वाळवायची, दळायची. ती भाकरी स्वतःला, आणि मागून आणलेल्या पिठाची नातवाला. नातवाने एकदा हट्टाने तिची भाकरी खाल्ली, तेव्हा त्याला घासाघासाला शेणाचा वास आला.

हे घर कुठल्याही सरकारी फॉर्मात बसलं नसतं. पण त्या घरात 'हा आमचा' म्हणणारी दोन माणसं होती.

इथे थोडं लांब जाऊया, हवाई बेटांपैकी एका बेटावर, काउआईला. लिंबाळ्यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, 1955 मध्ये, त्या बेटावर जन्मलेल्या 698 बाळांची नोंद झाली. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी ती मुलं चाळिशीला येईपर्यंत त्यांचा माग ठेवला. बरेच आईबाप उसाच्या मळ्यांत राबणारे. ज्या मुलांच्या घरी गरिबी, दारू, भांडणं, आजारपण असं सगळं एकदम होतं, त्यातली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धड, कर्ती माणसं झाली. त्यांच्यात समान काय सापडलं? निदान एक तरी मोठं माणूस घट्ट धरून होतं. आईबापच असं नाही. अनेकदा आजी, मावशी, थोरली बहीण.

संतामाईला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

आता दुसरा मुलगा. डॉ. किशोर शांताबाई काळे, जन्म 1970. कोल्हाटी समाज. घर चालायचं मुलींच्या नाचण्यावर. जिचा 'चिरा' उतरला तिचं पुढे लग्न होत नाही, आणि तिच्या पोराला बापाचं नाव मिळत नाही. किशोर लहान असतानाच आई एका माणसासोबत गेली, पोरगं आजोबांच्या घरी राहिलं. म्हणजे आजोळ इथेही होतंच की! पण त्या घरात त्याच्या वाट्याला घरकाम आणि मार आला. नुसतं आजी-आजोबा असून भागत नाही, ते इथे कळतं. तो तरीही मुंबईला जाऊन डॉक्टर झाला. 1994 मध्ये 'कोल्हाट्याचं पोर' आलं आणि मुखपृष्ठावर मधलं नाव आईचं. जी आई हाताशी नव्हती, तिचंच नाव. आईवर राग आहे आणि तीच हवी आहे, अशी दोन्ही टोकं त्या पुस्तकात शेवटपर्यंत सुटत नाहीत. 2007 मध्ये रस्ता अपघातात ते गेले. चाळिशीही गाठली नव्हती.

अशा गोष्टी ऐकून आपण पटकन म्हणतो, बघा, जिद्द असली की झालं. मला ते पटत नाही. काउआईतल्या तरून गेलेल्या मुलांपैकीही काहींना तिशीत डोकेदुखी, पाठदुखी असली ताणाची दुखणी होती. काही पुरुष जवळच्या नात्यातही जरा अंतर ठेवूनच वागायचे. तरून जाण्याचं बिल शरीर भरत असतं. लिंबाळ्यांना 2020 चा सरस्वती सन्मान मिळाला, पण त्यांच्या पहिल्या पुस्तकावर तो एक मासा कमी कायम आहे.

आणि हे घाव काही फक्त आईबापांनी दिलेले नाहीत. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव मागणाऱ्या व्यवस्थेनेही दिले. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, असा निर्णय झाला. किशोर काळ्यांनी तीस वर्षं आधीच ते स्वतःच्या हाताने केलं होतं. संतामाईसाठी मात्र अजून कुठल्याच फॉर्मात रकाना नाही.

तुमच्या लहानपणी तुम्हाला धरून ठेवणारं माणूस कोण होतं? ते हयात असेल तर आज एक फोन करा. भेटूया पुढच्या भागात.