राणीच्या ताटात बटाटे नव्हते

८ ऑक्टोबर १८६१ची रात्र. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, हायलँड्समध्ये, डॅलव्हिनी नावाच्या आडगावी रस्त्यालगतच्या एका इनमध्ये काही पाहुणे उतरले. दिवसभर तट्टांवरून आणि घोडागाडीतून प्रवास करून सगळे आंबून गेलेले, कडकडून भूक लागलेली. पुढ्यात आलं ते असं: चहा आणि दोन मरतुकड्या कोंबड्या. गोडाचं काही नाही. सोबत बटाटेसुद्धा नाहीत. त्याच दोन कोंबड्यांचं जे उरलं त्यावर नोकरमाणसांनी रात्र काढली.

पाहुण्यांमध्ये बेचाळीस वर्षांचं एक जोडपं होतं. बाईंना रोजनिशी लिहायची सवय होती, त्यामुळे हे जेवण इतिहासात राहिलं. बाईंचं नाव व्हिक्टोरिया, नवऱ्याचं नाव आल्बर्ट. त्या वेळी हिंदुस्थानासकट पृथ्वीच्या मोठ्या भागावर त्यांचं राज्य होतं. खोटी नावं घेऊन साध्या प्रवाशांसारखं हिंडायचा खेळ दोघांनी आदल्या वर्षी सुरू केला होता. तेव्हा ग्रँटाउनच्या इनमध्ये ते ‘लॉर्ड आणि लेडी चर्चिल’ म्हणून राहिले होते.

राणीच्या तक्रारीतली बटाट्यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हायलँड्समध्ये बटाटा हे गरिबाचं रोजचं अन्न होतं. आपल्याकडे कोकणातल्या घरात भात नसावा तसं हे झालं. या प्रदेशाच्या इतिहासात बटाटा नसण्याला एक अर्थ आहे, आणि तो राणीच्या पर्यटनाच्या वर्षांशीच येऊन भिडतो.

*

मुळात हायलँड्स ही ‘बघायला जायची’ जागा कशी झाली? अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात एडिंबरोतल्या सभ्य माणसालासुद्धा हा भाग रानटी वाटे. गेलिक बोलणारे, आपापल्या कुळप्रमुखाच्या शब्दावर तलवार उपसणारे हे लोक सरकारला धोकादायक होते. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर त्यांचा शेवटचा उठाव चिरडला गेला. पाठोपाठ कायदा करून पुरुषांना त्यांचा परंपरागत पोशाख वापरायला मनाई झाली. ही बंदी १७८२ साली उठली, तोवर धोका संपला होता. ज्याची भीती उरत नाही त्याचं कौतुक करणं सोपं जातं.

हे कौतुक घडवणारा मोठा कारागीर म्हणजे वॉल्टर स्कॉट. १८१० साली त्याचं ‘द लेडी ऑफ द लेक’ हे काव्य आलं आणि त्यात वर्णन केलेलं लॉक कॅट्रिन हे सरोवर बघायला लोकांची रीघ लागली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला. त्या सोहळ्याची आखणी स्कॉटनेच केली आणि स्थूलदेही राजाला चौकड्यांचा किल्ट नेसवला. शहर भर पावसात नटून उभं होतं. पाऊणशे वर्षांपूर्वी ज्या कपड्यासाठी तुरुंगात जावं लागत होतं, तो आता राजाच्या अंगावर होता.

याच काळात, त्याच मुलखाच्या आतल्या भागात, तो कपडा वंशपरंपरेने नेसणारी माणसं घराबाहेर काढली जात होती. जमिनीची मालकी कुळप्रमुखांकडे, म्हणजे आता जमीनदारांकडे. कुळांकडून मिळणाऱ्या खंडापेक्षा मेंढ्यांच्या मोठ्या कळपांना जमीन भाड्याने दिली तर जास्त पैसा मिळे. सदरलंडच्या जहागिरीत १८१०च्या दशकात खोरीच्या खोरी रिकामी केली गेली. माणसं परत येऊ नयेत म्हणून घरांची छपरं जाळली गेली. अशा एका प्रकरणात पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ साली खटला चालला. तो निर्दोष सुटला.

*

व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट पहिल्यांदा इथे आले ते सप्टेंबर १८४२ मध्ये. दोघं तेविशीची. राणीने ओटची लापशी चाखून पाहिली. आल्बर्ट जर्मनीतल्या कोबुर्गचा. त्याला इथले डोंगर थेट आपल्या थुरिंजियासारखे दिसू लागले. परदेशात गेल्यावर पहिले दोन दिवस आपणही हेच करतो. हा घाट आपल्या आंबोलीसारखा, ती नदी आपल्या कृष्णेसारखी. इंग्लंडमध्ये आल्बर्ट कायम परका राहिला. या डोंगरांमध्ये मात्र त्याला घर सापडलं.

टेमाउथच्या वाड्यात मार्क्विस ऑफ ब्रेडलबेनने त्यांचं असं स्वागत केलं की राणी हरखून गेली. तोफा, डोंगरांवर पेटवलेल्या होळ्या, चौकड्यांच्या कपड्यांत रांगेत उभी केलेली माणसं. याच ब्रेडलबेनवर पुढे आपल्या जहागिरीतली शेकडो कुटुंबं हुसकून लावल्याचा जाहीर आरोप झाला. त्या स्वागताच्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी किती जणांची घरं दहा वर्षांनी जागेवर होती, हे राणीच्या रोजनिशीतून कळत नाही. तिने पाहिलं ते खोटं नव्हतं, पण ते यजमानाने मांडून ठेवलेलं होतं.

चार वर्षांनी, १८४६ साली, टॉमस कुकने लेस्टरहून साडेतीनशेच्या आसपास प्रवासी घेऊन स्कॉटलंडची पहिली सहल काढली. आगगाडीने फ्लीटवूड, तिथून बोटीने पलीकडे. बोटीवर सगळ्यांना पुरतील एवढ्या खोल्याच नव्हत्या, त्यामुळे बऱ्याच जणांनी रात्र डेकवर काढली. ग्लासगोत मात्र बँड वाजवून स्वागत झालं. सामुदायिक पर्यटनाचा पुढचा सगळा इतिहास, हाल आणि हारतुरे दोन्ही, या एका सहलीत आहे.

त्याच वर्षी हायलँड्समधलं बटाट्याचं पीक शेतात सडून गेलं.

*

बटाट्यावरच्या करप्याला थंड, ओली हवा मानवते. आयर्लंडमध्ये आदल्या वर्षीच त्याने हाहाकार सुरू केला होता. तिथे पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली. हायलँड्समध्ये लोकसंख्या कमी होती आणि मदत तुलनेने बरी पोचली, म्हणून मृत्यूंचा आकडा तसा वाढला नाही. पण मेंढ्यांसाठी समुद्राकाठच्या खडकाळ पट्ट्यात ढकललेली कुळं जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर जगत होती. तेवढ्याशा जमिनीत दुसरं कुठलंच पीक घरादाराचं पोट भरू शकत नव्हतं.

मदतीसाठी निधी जमला, मंडळ नेमलं गेलं. फुकट दिलं तर लोक आळशी होतील ही काळजी तेव्हाही होतीच. म्हणून अट घातली गेली: आधी काम, मग पीठ. दिवसभर दगड फोडले, रस्ता खणला की अर्धा-पाऊण किलो पीठ. आपल्याकडच्या दुष्काळी कामांवरची खडी फोडणारी माणसं ज्यांनी पाहिली किंवा ऐकली आहेत, त्यांना हे चित्र अनोळखी नाही. असे रस्ते तिथे ‘डेस्टिट्यूशन रोड’ म्हणून ओळखले जातात, म्हणजे दैन्याचे रस्ते.

१८४७च्या ऑगस्टमध्ये राजघराण्याची नौका याच पश्चिम किनाऱ्याने वर गेली. स्टाफा बेटावरची फिंगलची गुहा पाहून झाली. मग लॉक लॅगनच्या काठी आर्डव्हेरिकी इथे सुमारे चार आठवड्यांचा मुक्काम. भिंतींवर लँडसीअरने काढलेली हरणं, आणि खिडकीबाहेर पाऊस. थांबायचं नावच घेईना. ढगाळ, ओल्या, अंगावर येणाऱ्या दिवसाला स्कॉट लोक ‘ड्रीख’ म्हणतात. त्यांच्या वाट्याला एकापाठोपाठ एक ड्रीख दिवस आले. त्या दमट मोसमाने कोणाची सुट्टी वाया गेली आणि कोणाच्या शेतात काय झालं, ही एकाच पावसाची दोन टोकं आहेत.

याच मुक्कामात राजवैद्य सर जेम्स क्लार्क यांच्याकडे बातमी आली. त्यांचा मुलगा आजारातून उठून हवापालटासाठी पूर्वेकडे डी नदीच्या खोऱ्यात, बाल्मोरलच्या घरी पाहुणा म्हणून राहिला होता. तिथे म्हणे स्वच्छ ऊन पडलं होतं.

महाबळेश्वर आणि वाई दोन्ही पाहिलेल्या माणसाला याचं कारण समजावून सांगायला नको. पश्चिमेच्या समुद्रावरून आलेले ढग पहिल्या डोंगररांगेवर रिते होतात, मागच्या खोऱ्यात कोरडं राहतं. फोर्ट विल्यमला वर्षाला जवळपास दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बाल्मोरलजवळच्या ब्रेमारला साधारण नऊशे. पहिला आकडा मुंबईच्या जवळ जाणारा; फरक इतकाच की तो बाराही महिने झिरपत असतो. आणि महाबळेश्वरचं नाव निघालंच आहे तर, १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा मिळवून तिथे ठाणं वसवणारा गव्हर्नर जॉन माल्कम हा स्कॉटच होता. ज्याच्या नावाचा पॉइंट तिथे आहे तो एल्फिन्स्टनही स्कॉट. ‘पॉइंट’वर उभं राहून दरीकडे बघत सुस्कारे सोडायची सवय आपल्याला लागली, तिच्या मुळाशी स्कॉटलंडची थोडी हवा आहे.

ऑक्टोबर १८४७ मध्ये बाल्मोरलच्या भाडेपट्ट्याचे मालक सर रॉबर्ट गॉर्डन वारले. राजदांपत्याने जागा न पाहता, जेम्स जाइल्सने काढलेल्या जलरंगांच्या भरवशावर तो भाडेपट्टा घेतला. ८ सप्टेंबर १८४८ रोजी ते तिथे पहिल्यांदा गेले, १८५२ साली ती इस्टेट विकत घेतली आणि जुनं घर पाडून नवा वाडा बांधला. आल्बर्टने करड्या रंगाचा खास चौकडा स्वतः तयार केला. एका ओल्या सुट्टीतून राजघराण्याची ही दीडशे वर्षांहून जुनी वहिवाट सुरू झाली.

*

राणीच्या रोजनिशीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: एकांत. मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही, याचा तिला मनापासून आनंद होतो. लंडनमध्ये सतत माणसांनी वेढलेल्या बाईला तो व्हावा हेही साहजिक आहे. पण त्यातला बराचसा एकांत निसर्गाने दिलेला नव्हता. तो जाणूनबुजून तयार केलेला होता, आणि त्याची वर्षं, नावं, हिशेब उपलब्ध आहेत.

त्यातल्या एका हिशेबात आपणही आहोत. उत्तरेकडचं लुईस बेट १८४४ साली जेम्स मॅथेसनने विकत घेतलं. ‘जार्डिन मॅथेसन’ या कंपनीतला हा भागीदार. पैसा चीनशी केलेल्या अफूच्या व्यापारातला. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे आणि तिथले त्यांचे मोठे सहकारी होते जमशेटजी जीजीभॉय. त्या व्यापाराचा पैसा मुंबईत इस्पितळ आणि कलाशाळेच्या रूपाने उभा राहिला, तसाच लुईस बेटावर वाड्याच्या रूपाने. दुष्काळात मॅथेसनने पदरचा पैसा घालून लोकांना पीठ पुरवलं, त्याबद्दल त्याला बॅरोनेट केलं गेलं. त्यानंतर १८५१ ते १८५५ या काळात त्याने बेटावरच्या दोन हजारांहून अधिक माणसांना जहाजात बसवून कॅनडाला पाठवलं. पोट भरणारा आणि गाव उठवणारा एकच माणूस असू शकतो, हे पचायला जड जातं.

१८५२ साली हायलँड्समधल्या लोकांना ऑस्ट्रेलियाला पाठवण्यासाठी एक संस्था निघाली. काही वर्षांत तिने जवळपास पाच हजार माणसं पाठवली. या संस्थेचा आश्रयदाता होता प्रिन्स आल्बर्ट. त्यात क्रौर्य होतं असं मला वाटत नाही. भुकेल्या माणसाला पोट भरेल अशा देशात पाठवणं हे त्याला पुण्यकर्मच वाटलं असणार. माणसांना आहेत तिथेच जमिनीचा हक्क द्यावा, हा दुसरा उपाय सुचायला आणखी तीस वर्षं आणि बरेच दंगे लागले. १८८३ साली नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे पूर्वीचे मद्रासचे गव्हर्नर होते. १८८६च्या कायद्याने तिथल्या लहान कुळांना जमिनीवरून हलवता येणार नाही अशी हमी मिळाली. आपल्या कूळकायद्याचा हा लांबचा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. पण तोवर पुष्कळ खोरी कायमची मोकळी झाली होती.

*

डॅलव्हिनीच्या त्या फसलेल्या जेवणानंतर आठवड्याने, १६ ऑक्टोबर १८६१ रोजी, दोघं आणखी एका डोंगरावर गेले. वर जेवण झालं. आपण इथे जेवलो असं आल्बर्टने एका चिठ्ठीवर लिहिलं, ती सेल्टझर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घातली आणि बाटली जमिनीत रोवून ठेवली. १४ डिसेंबरला तो वारला. ती त्यांची शेवटची सहल ठरली.

१८६८ साली राणीने रोजनिशीतला हा भाग आल्बर्टच्या स्मृतीला अर्पण करून छापला. हातोहात खपलेल्या त्या पुस्तकाचं तिच्या हयातीतच मराठीत भाषांतरही झालं. एका विधवेने नवऱ्यासोबतच्या सुखाच्या दिवसांचा लिहिलेला हिशेब म्हणून ते पुस्तक आजही मनाला लागतं. त्याच पुस्तकाने हायलँड्सचं रिकामेपण हेच त्यांचं सौंदर्य म्हणून जगभर पोचवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आज पुण्या-ठाण्याहून गेलेली जोडपी भाड्याची मोटार घेऊन उत्तर किनाऱ्याची प्रसिद्ध फेरी करतात. त्या फेरीत ब्रेमोरहून डंडॉनलकडे उतरणारा एक तुकडा आहे. वायपर चालू, काचेवर वाफ, दोन्ही बाजूंना तपकिरी माळ, कुठे चिटपाखरू नाही. फोटो फार सुंदर येतात. तो रस्ता दैन्याच्या रस्त्यांपैकीच एक. आल्बर्टने आपल्या जेवणाची खूण बाटलीत ठेवली होती. ज्यांनी पिठासाठी तो रस्ता खणला, त्यांच्या जेवणाची खूण म्हणजे तो रस्ताच. पाऊस थोडा उघडला तर गाडी बाजूला घेऊन पाहावं: गवतात कुठे कुठे दगडांचे बुटके चौकोन दिसतात. ती घरं होती.