रात्रीची कार्प मासेमारी
कार्प कुळातील माशांची अंधारात केली जाणारी पकड. वऱ्हाडात गोड्या पाण्यातील मासेमारी परंपरेने भोई समाजाची. तलावांत कटला, रोहू, मृगळ आणि परदेशातून आलेला सायप्रिनस यांचे बीज सोडतात. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ व सायप्रिनस तळाशी. जाळे किती खोल लावायचे ते यावरून ठरते. फासाचे जाळे सांजवेळी लावून पहाटे उचलतात. अंधारात नायलॉनचा बारीक धागा माशाला दिसत नाही आणि मासा कल्ल्यांपाशी अडकतो. आस (जाळ्यातील छिद्र) लहान ठेवणे मात्र घातकच, कारण त्यात न वाढलेली पिल्लेही जातात. बीज सोडावे लागते, कारण कटला, रोहू, मृगळ साठलेल्या पाण्याच्या तलावात सहसा अंडी घालत नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात या माशांच्या प्रेरित प्रजननाची (संप्रेरक टोचून अंडी घालायला लावण्याची) वाट मोकळी केली. आज तलावांत सोडले जाणारे बीज मुख्यतः त्याच पद्धतीचे असते.