नीलकंठीचा स्तंभ आणि कन्हानचे खोरे

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर, सौंसरनजीक जामसांवली हे मारुतीचे प्रख्यात क्षेत्र आहे. अन्यत्र उभा दिसणारा मारुती येथे पिंपळाखाली पहुडलेला आहे. मूर्ती स्वयंभू मानली जाते. त्यामुळे ती कोणी व केव्हा स्थापिली हा प्रश्न श्रद्धेच्या लेखी उद्भवत नाही. इतिहासाला मात्र तो विचारावाच लागतो, आणि स्वयंभू देवापाशी उत्तर नसेल तर त्याच मुलखातील इतर पाषाणांकडे वळावे लागते.

इंग्लंडमधील एखाद्या खेड्यातल्या मध्ययुगीन चर्चचा इतिहास सांगणे तुलनेने सोपे असते. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवावी अशी आज्ञा निघाली. ज्या गावी त्या वह्या टिकल्या, तेथे वास्तूबरोबर माणसांची नावेही उरली. आपल्याकडील ग्रामदेवालयांना अशी वही नव्हती. त्यांचा इतिहास शिलालेख, ताम्रपट आणि प्रत्यक्ष बांधणी यांवरूनच जुळवावा लागतो. कन्हानच्या खोऱ्यात व त्याच्या उत्तरेस सातपुड्यात अशा दोन मोलाच्या साक्षी उपलब्ध आहेत.

पहिली साक्ष पाषाणाची. छिंदवाडा जिल्ह्यात तामियाच्या आग्नेयेस सुमारे १४ मैलांवर नीलकंठी नावाच्या ओढ्याकाठी प्राचीन मंदिरांचे भग्नावशेष आहेत. मुख्य प्रवेशद्वार सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यानचे असावे असे मानतात. देवालयाभोवती २६४ फूट लांब व १३२ फूट रुंद असा कोट होता, असे सांगितले जाते. म्हणजे आवार बरोबर ३२ गुंठ्यांचे होते. आडरानातील ओढ्याकाठी एवढे आवार घालणारे देवालय सामान्य खचित नव्हे.

येथील चिरे लोखंडी आकड्यांनी परस्परांत जखडलेले होते. चुन्याविना रचलेली भिंत स्वतःच्या भाराने उभी राहते. पण पाया खचला की चिरे आडवे सरकू लागतात. ते सरकू नयेत म्हणून दोन चिऱ्यांत खोबण पाडून आकडा बसवीत. या रीतीत एक उणेही आहे. पाणी झिरपले की लोखंड गंजून फुगते आणि चिऱ्याचीच कड फुटते. अशी जुनी दगडी देवळे सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे; परंतु हेमाद्रीपंडित तेराव्या शतकातला. नीलकंठीच्या एका स्तंभावरील लेखात राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याचे नाव येते, आणि त्याची कारकीर्द इ. स. ९३९ ते ९६७ ही होय. हेमाडपंतांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी हा स्तंभ बोलू लागला होता.

दुसरी साक्ष तांब्याची. वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे याच कृष्णराजाचा शके ८६२, म्हणजे इ. स. ९४० चा ताम्रपट मिळाला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. आपला बंधू जगत्तुंग याच्या पुण्यवृद्धीसाठी राजाने ‘नागपुर-नंदिवर्धन’ प्रांतातील एक गाव दान दिले, असे त्यात नमूद आहे. दानाच्या चतुःसीमा सांगताना दक्षिणेस नदी आणि पश्चिमेस ‘मोहमग्राम’ येते. ती नदी म्हणजे कन्हान आणि ते गाव म्हणजे मोहगाव, असा उलगडा भांडारकरांनी केला. सौंसरजवळच्या ज्या मोहगावी आजही लोक अर्धनारीश्वराच्या दर्शनाला जातात, त्याचे नाव हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तांब्यावर कोरले गेले होते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी भाषक स्वतःला काठावरचा समजू लागला. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी राज्याची सीमा होती तेथेच राहिली. कृष्णराजाच्या ताम्रपटात मात्र नागपूर आणि कन्हान एकाच प्रांतात नांदतात.

जामसांवलीचा मारुती भक्तीने जपला. त्याला लेखाची गरज पडली नाही. नीलकंठीचे वैभव ढासळले, पण स्तंभावरील अक्षरांनी त्याचा काळ राखला. मोहगावाला तर एका दानपत्राच्या सीमेवरील उल्लेखाने इतिहास दिला. म्हणून शेतात वा ओढ्यात अक्षरांकित दगड दिसला, तर तो पायरीला किंवा बांधाला लावण्यापूर्वी कोणीतरी वाचला पाहिजे. गावाची हरवलेली नोंदवही कदाचित त्याच्यावरच असेल.