ऑगस्टसचे दत्तक पुत्र: चेहरे आणि नाणी

मागच्या वेळी आपण ऑगस्टसपाशी थांबलो होतो. आज त्याच्या वारसांकडे वळू. त्याला मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी, ज्युलिया. सेनापती अग्रिप्पापासून तिला झालेले गायस आणि ल्युशियस हे दोन मुलगे त्याने इ.स.पू. १७ मध्ये दत्तक घेतले. गायस तेव्हा ३ वर्षांचा, ल्युशियस नुकताच जन्मलेला. सुएटोनियस सांगतो की, विधी घरीच झाला. तराजू आणि नाणं घेऊन, म्हणजे जन्मदात्याकडून मुलं प्रतीकरूपाने विकत घेऊन. दत्तकविधान आपल्याला नवं नाही. पण बाप हयात आहे, आणि मुलांच्या नावातून मात्र गेला!

पुढे पुतळे आले. या दोघांची मानली जाणारी मस्तकशिल्पं पाहा. कपाळावरच्या बटासुद्धा ऑगस्टससारख्या. त्यातला गायस कोण आणि ल्युशियस कोण, यावर अभ्यासकांत वाद आहेत. आता कोणी म्हणेल, नातवंडं आजोबांवर जाणारच. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. टायबेरियस हा ऑगस्टसच्या बायकोचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा, रक्ताचं नातं शून्य. तरी इ.स. ४ मध्ये तो दत्तक गेला आणि त्याच्याही पुतळ्यांत तीच छाया उतरली. चेहरा इथे कायद्याच्या मागून चालतो. सुएटोनियसची आणखी एक नोंद आहे, ती मला फार बोलकी वाटते: ऑगस्टस या मुलांना स्वतः शिकवी, आणि आपल्या हस्ताक्षराची नक्कल त्यांना जमावी यासाठी सगळ्यात जास्त खटपट करी.

नाण्यांचंही तसंच. इ.स.पू. १३ च्या रोमच्या एका दिनारावर मधे ज्युलिया आणि दोन्ही बाजूंना मुलं, अशी तीन मस्तकं आहेत. इ.स.पू. २ पासून लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या टांकसाळीतून जो दिनार निघाला, त्यावर दोघे टोगा नेसून ढाली-भाल्यांसह उभे आहेत आणि लेखात ‘ऑगस्टसचे पुत्र’ असं आहे. आई नाही. त्याच वर्षी तिला व्यभिचाराच्या आरोपावरून बापानेच एका बेटावर हद्दपार केलं. ती नाण्यावर नाही ते त्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. बापाचं नाव सांगणाऱ्या त्या लेखात तिला तशीही जागा नव्हती.

ल्युशियस इ.स. २ मध्ये मासिलियात वारला, गायस इ.स. ४ मध्ये लिसियात. त्यांचं नाणं मात्र व्यापाराबरोबर भारतात आलं. दक्षिणेतल्या साठ्यांत ते पुष्कळ सापडतं, त्याच्या नकलाही सापडतात. काही नकलांवर ते दोघे उभे आहेत, पण भोवतीची लॅटिन अक्षरं नुसत्या रेघोट्या झाली आहेत.