आरोग्याचा तास सक्तीचा कसा झाला



माझी नात न्यू जर्सीत हायस्कूलला आहे. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "आजी, उद्या हेल्थची टेस्ट आहे, जास्त बोलत नाही." मी म्हटलं, "त्याचा कसला एवढा अभ्यास!" तर म्हणते, "अगं, त्याचे क्रेडिट नाही मिळाले तर डिप्लोमाच देत नाहीत."

मला खरंच वाटेना. मग जावयांनी समजावून सांगितलं. त्यांच्या राज्यात मूल हायस्कूलला असेल त्या प्रत्येक वर्षी आरोग्य, सुरक्षितता आणि व्यायाम मिळून पावणेचार क्रेडिट घ्यावेच लागतात. शेजारच्या न्यूयॉर्कमध्येही आरोग्याचं अर्धं युनिट पूर्ण केल्याशिवाय शाळा सुटत नाही. आपल्याकडे दहावीला 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा श्रेणीचा विषय आहे, पण त्याचा मान किती ते आपण जाणतोच. आमच्या वेळी पी.टी.चा तास म्हणजे गणिताच्या बाईंना राहिलेला पोर्शन संपवायला मिळालेला तास!

ही सक्ती आणली कोणी, हे शोधत बसले. मला वाटलं होतं डॉक्टरांनी आणली असेल. निघाल्या बायका. ज्यांना निवडणुकीत मतसुद्धा देता येत नव्हतं अशा, आणि त्याही दारूच्या विरोधात उभ्या राहिलेल्या. आपल्याकडे मद्यत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांत पहिला, म्हणून ही हकिगत तुम्हाला सांगावीशी वाटली.

सुरुवात तशी आधीची आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात होरेस मान नावाचे शिक्षणखात्याचे सचिव होते. त्यांनी १८४२च्या आपल्या अहवालात मुलांना शरीराची रचना आणि स्वच्छता शिकवा, असं पोटतिडकीने मांडलं. १८५० मध्ये त्या राज्याने कायदाही केला, पण शाळा समितीला योग्य वाटेल तिथेच शिकवा, अशी त्यात सोय ठेवली. अशा कायद्याचं काय होतं ते सांगायला नको.

मग १८७३-७४च्या हिवाळ्यात ओहायो आणि आसपासच्या गावांतल्या बायका दारूच्या गुत्त्यांसमोर जाऊन प्रार्थना करायला लागल्या. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जायचा, घरात मार मिळायचा, आणि दाद मागायला जागा नाही. त्या थंडीत गुडघे टेकून बसायच्या. कित्येक गुत्ते बंद झाले आणि त्यातले बरेच पुन्हा उघडले. १८७४ मध्ये या बायकांनी क्लीव्हलंड शहरात 'विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन' ही संस्था काढली. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते ८८ अमेरिकेत होत्या, तेव्हा या संस्थेच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १८८९ मध्ये रमाबाईंचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक निघालं, त्यात या बायकांच्या कामाबद्दल मोठ्या कौतुकाने लिहिलं आहे.

याच संस्थेत मेरी हंट नावाच्या बाई होत्या. जन्म १८३०चा. लग्नाआधी रसायनशास्त्र शिकवत असत. पुढे मुलाचा रसायनाचा अभ्यास घेताना अल्कोहोलचा विषय निघाला आणि बाईंच्या डोक्यात तो पक्का बसला. त्यांचं म्हणणं असं, की पिणाऱ्याच्या मागे धावून उपयोग नाही, पिण्याआधीच मुलाला शिकवा. आणि तेही देवाधर्माच्या नावाने नको, शरीरशास्त्राच्या तासाला.

आधी त्यांनी आपल्या गावच्या शाळेत धडे सुरू करून घेतले. पण गावोगावच्या शाळा समित्यांच्या पायऱ्या चढण्यापेक्षा सरळ राज्याच्या विधिमंडळातच जावं, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. १८८० मध्ये संस्थेने त्यासाठी वेगळं खातं काढलं आणि बाईंना प्रमुख नेमलं. पत्रं, सह्यांचे अर्ज, गावागावांतून आमदारांच्या घरी जाणाऱ्या बायका. १८८२ मध्ये व्हरमाँट राज्याने पहिला कायदा केला. १८८४ मध्ये न्यूयॉर्कने. १८८६ मध्ये तर राजधानी, केंद्राच्या ताब्यातले प्रदेश आणि लष्करी विद्यालयं यांच्यासाठी अमेरिकेच्या संसदेनेच कायदा केला. १९०१ पर्यंत देशातल्या प्रत्येक राज्यात हा कायदा झाला होता. बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० मध्ये, हे लक्षात घ्या.

दारूचे दुष्परिणाम शिकवायचे तर आधी पोट, यकृत, रक्त, मेंदू शिकवणं आलं. म्हणजे दारूचं बोट धरून का होईना, माणसाचं शरीर शाळेच्या वर्गात आलं. तोवर शेतकऱ्याच्या पोराला आपलं अन्न कुठे पचतं हे कोण सांगणार होतं?

इथवर वाचताना मी मनातल्या मनात बाईंना शाबासकी देत होते. पुढचं वाचून मात्र थबकले.

कायदा झाला, आता पुस्तकं हवीत. आमची मान्यता असेल तेच पुस्तक चांगलं, असा बाईंचा दंडक. खालच्या वर्गांच्या पुस्तकात किमान चौथा हिस्सा दारू-तंबाखूवर हवा, हायस्कूलच्या पुस्तकात किमान वीस पानं. थोडी घेतली तर चालते असा सूर कुठेही नको. प्रकाशकांना पुस्तकं खपवायची होती, त्यांनी बदल केले. मग त्या पुस्तकांत काय काय छापून आलं! दारू गिळताना घशाची त्वचा जळून जाते, बिअर पिणारे बहुतेक लोक जलोदराने मरतात, असलं पुष्कळ. मुलं घरी जाऊन बघत होती, वडील तर रोज बिअर पितात आणि धडधाकट आहेत.

शास्त्रज्ञांची नाराजी वाढत गेली. १८९३ मध्ये नावाजलेल्या मंडळींची एक 'पन्नासांची समिती' स्थापन झाली. त्यांतले ॲटवॉटर यांनी माणसाला एका बंद खोलीत ठेवून, त्याच्या शरीरातून किती उष्णता निघते ते मोजायचं यंत्र उभारलं होतं. अल्कोहोल शरीरात जळतं आणि त्यापासून ऊर्जा मिळते, असं त्यांना दिसलं. बाईंच्या मान्यतेची पुस्तकं तर सांगत होती की अल्कोहोल निव्वळ विष, अन्नाचा गुण त्यात मुळीच नाही. ॲटवॉटर काही पिणाऱ्यांचे वकील नव्हते. मुलांना खोटं शिकवू नका, एवढंच ते म्हणत होते. १९०३ मध्ये समितीचा अहवाल आला, त्यात या पुस्तकांवर कडक टीका होती. बाईंनी लांबलचक लेखी उत्तर दिलं, पण एकही पाऊल मागे घेतलं नाही.

आता माझ्या कॉमर्सच्या डोळ्यांना दिसलेली गोष्ट. पुस्तकांच्या मानधनातून बाई स्वतः कमावतात, असा आरोप होता. मी ते सगळं धर्मादाय कामाला दिलं आहे, असं त्या सांगत. कुठल्या कामाला, ते मात्र जाहीर केलं नाही. १९०६ मध्ये त्या वारल्या, त्यानंतर कळलं की पैसे त्यांच्याच माणसांनी चालवलेल्या एका छोट्या संस्थेकडे जात होते. त्यातून बॉस्टनमधल्या एका मोठ्या घराचा खर्च चाले. कचेरीही तिथेच आणि बाईंचं राहणंही तिथेच. चोरी म्हणता येणार नाही, कारण कामावरच खर्च झाला. पण मंदिराच्या हिशोबात असं दिसलं तर आपण ट्रस्टींना विचारू की नाही?

त्या वेळच्या शाळकरी मुलांतले पुष्कळ जण पुढे मतदार झाले, १९२० मध्ये देशभर दारूबंदी आली आणि १९३३ मध्ये उठली. मधल्या काळात आरोग्याच्या तासाचं रूपही बदललं. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेल्या तरुणांत शरीराने कमी पडलेले फार निघाले, त्याचा देशाने धसका घेतला. १९१८ मध्ये तिथल्या शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आयोगाने हायस्कूलची सात उद्दिष्टं मांडली, त्यांत पहिलं आरोग्य. मग दूध, दात, झोप, हात धुणं आलं. माझ्या नातीच्या पुस्तकात तर मनाची काळजी आहे, मासिक पाळी आहे, ओपिऑइड गोळ्यांचा धडा आहे.

गंमत म्हणजे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, की दारूचं कुठलंच प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. उत्तर बाईंच्या जवळपासचंच आलं. पण मधल्या पायऱ्या चुकीच्या असतील तर आमच्या अकौंट्सच्या सरांनी अर्धेच मार्क दिले असते.

हे सगळं मला लागलं, कारण मीही असंच केलं आहे. पंधरा वर्षं पाठशाळेत शिकवते आहे. पाणी गाळून का प्यायचं, हे सांगताना मी दरवर्षी फळ्यावर आकडा लिहायची, ३६,४५०. पाण्याच्या एका थेंबात एवढे जीव कॅप्टन स्कोर्सबी या शास्त्रज्ञाने पाहिले, म्हणून. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी हा आकडा पाठ केलेला असेल. नातीला सांगितला, तर तिचा पहिला प्रश्न, "कुठलं पाणी, आजी?"

स्कोर्सबी होऊन गेला हे खरं. पण तो उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात देवमासे मारणाऱ्या जहाजाचा कप्तान होता, पुढे पाद्री झाला. १८२० मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात ग्रीनलंडजवळच्या हिरवट समुद्रपाण्याच्या एका थेंबाचा हिशोब आहे. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर एका चौकोनात सरासरी ५० जीव, थेंबाने व्यापलेले चौकोन ५२९. गुणाकार करून बघा, २६,४५० येतात. कुठेतरी दोनाचा तीन झाला, समुद्राची विहीर झाली, आणि देवमासे मारणारा आपल्या अहिंसेचा साक्षीदार झाला.

गेल्या रविवारी मी वर्गात हे जसंच्या तसं सांगितलं. एका आईचा संध्याकाळी फोन आला, "काकू, आता मुलं पाणी गाळायची नाहीत, तुम्हीच पाय कापून घेतलात." तिची काळजी मला कळते. मी तिला म्हटलं, पाणी गाळणं आणि जिवाणी परत विहिरीत सोडणं हे आपल्या पूर्वजांनी स्कोर्सबीला विचारून सुरू केलं नव्हतं. तिचं समाधान झालं असं काही वाटलं नाही.

एका मुलाचे वडील विज्ञानाचे शिक्षक आहेत. त्यांनी सूक्ष्मदर्शक आणला होता. मंदिराच्या विहिरीचा एक थेंब काचेवर घेतला आणि मुलांनी रांग लावून पाहिला. सहावीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली होती. तिला तीन जीव हलताना दिसले. वहीत तिने तारीख घातली, 'विहीर, न गाळलेलं' असं लिहिलं आणि पुढे ३ आकडा मांडला. पुढच्या रविवारी गाळलेलं पाणी बघणार आहोत.